पार्किन्सनची गोळी आणि मेंदूची वेस

पार्किन्सनच्या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, कमी पडतं. मग थेट डोपामिनच का देत नाहीत? कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की ते पलीकडे जातच नाही. गोळीतलं लेव्होडोपा, ज्याचं पुढे डोपामिन होतं, ते जातं, पण अमिनो आम्लांच्या (प्रथिनांच्या घटकांच्या) वेशीतून. वरण, पिठलं, मटण पचलं की त्यातली अमिनो आम्लंही तिथंच गर्दी करतात आणि गोळी उशिरा लागू पडते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घ्यावी. मळमळलं तर सोबत भाकरीचा चतकोर चालेल, दूध नको.

१००/२५ च्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपासोबत २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं. ते वेस ओलांडत नाही, आणि तेच हवं असतं: लेव्होडोपाचं बाहेरच डोपामिन होणं ते रोखतं, उलट्याही कमी होतात.

तरी उलटी झालीच, तर लातूर असो की परभणी, मेडिकलवरून परस्पर उलटीची गोळी आणू नका. त्यातलं मेटोक्लोप्रमाइड हे औषध मेंदूत शिरून डोपामिनचंच काम अडवतं. कंप, ताठरपणा वाढतो. हे नाव पाकिटावर बारीक अक्षरात असतं, ते वाचाच. डोम्पेरिडोन हे उलटीचं दुसरं औषध बहुतांशी मेंदूबाहेर राहतं, पण हृदयाचे ठोके बिघडवू शकतं; ते डॉक्टरांना विचारूनच.