खळीनं चिकटवलेलं पान

दोन-तीन वर्षांतून एकदा गावी जाणं होतं. साताऱ्याहून पुढं तासाभराची वाट. दुसऱ्या दिवशी सकाळी काका रान दाखवायला नेतात. विहीर, ऊस, नवीन ठिबक असं सगळं बघून झालं की शेवटी हाडोळा नावाच्या आमच्या रानातल्या आंब्याखाली टेकायचं, आणि तिथं कुणीतरी तो प्रश्न काढतंच. कधी काका, कधी चुलतभाऊ. एकदा तर शाळेतले गुरुजी मुद्दाम विचारायला आले होते. "तू एवढी वर्षं त्या अलाबामात राहतेस. तिथल्या गोऱ्यांना काही वाटतं का गं? त्यांच्या आज्या-पणज्यांनी माणसं विकत घेतली, झाडाला टांगली, त्याचं?" पुण्यातल्या नातेवाइकांकडे हाच प्रश्न जरा इस्त्री करून येतो, पण तोच असतो.

"काहींना वाटतं, काहींना नाही," असं म्हणून आजवर मी वर आंब्याकडे बघत आले. तुम्हीही तोच प्रश्न विचारलात म्हणून आता बैजवार सांगते.

आम्ही तिथं काही ठरवून गेलो नव्हतो. नवरा डॉक्टर. शिक्षणाच्या ज्या व्हिसावर तो अमेरिकेत आला होता, त्यावर आलेल्या डॉक्टरला पुढं तिथंच राहायचं तर इतर डॉक्टर जायला तयार नसतात अशा भागात तीन वर्षं नोकरी करण्याची एक वाट असते. आमच्या वाट्याला अलाबामा या दक्षिणेकडच्या राज्यातला 'ब्लॅक बेल्ट', म्हणजे काळा पट्टा, आला. हे नाव आधी तिथल्या काळ्या, कसदार मातीला पडलं. त्या मातीत कापूस आला, कापसापायी माणसं आणली गेली, आणि मग ते नाव माणसांनाही चिकटलं. १८६० च्या जनगणनेत अलाबामात ९,६४,२०१ माणसं होती, त्यांतली ४,३५,०८० गुलाम. तीन वर्षं म्हणून गेलो, एकोणीस झाली.

मुलं शाळेत जायला लागल्यावर मी गावच्या वाचनालयात आठवड्यातले दोन दिवस बिनपगारी काम करू लागले. मागच्या बाजूला वंशावळीची खोली आहे. तिथं मायक्रोफिल्म, जुनी मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, चर्चची दफ्तरं. लोक आपलं मूळ शोधायला येतात. खोली सांभाळते एक निवृत्त शिक्षिका, कृष्णवर्णीय, सत्तरी ओलांडलेली. माझी पन्नाशी आली तरी ती मला 'बेबी' म्हणते. जुने कागद वाचायला मला तिनंच शिकवलं, आणि तीच माझी मैत्रीण झाली.

१८५० आणि १८६० च्या जनगणनेत दक्षिणेत गुलामांची वेगळी यादी केली. त्यात मालकाचं नाव पूर्ण लिहिलंय. त्याच्याखाली ओळीनं वय, स्त्री की पुरुष, रंग. नाव जवळपास कुठंच नाही. रंगाच्या रकान्यात 'बी' किंवा 'एम'. 'बी' म्हणजे काळा, 'एम' म्हणजे मिश्र. पहिल्यांदा ती यादी बघताना मी विचारलं, "हे एवढे एम कुठून आले?" तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि मालकाच्या नावावर पेन्सिल टेकवली.

व्हर्जिनियात १६६२ सालीच कायदा झाला होता, की मूल आईच्या वाटेनं जाईल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणी का असेना. पुढं हाच नियम सगळीकडं चालला. त्यामुळं बापाचं नाव लिहायची कुणाला गरजच उरली नाही. उलट मूल झालं की बापाची मत्ता वाढायची. म्हणजे ज्याला आपण घराण्याचं गुपित म्हणतो, ते सरकारी कारकून मालकाच्या पडवीत बसून एका अक्षरात लिहून घेत होता.

आणि ही काही फार जुनी कहाणी नाही. दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड, तेव्हा गव्हर्नर आणि पुढं सिनेटर, १९४८ मध्ये काळ्या-गोऱ्यांची विभागणी टिकावी म्हणून अध्यक्षपदाला उभे राहिले. १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध सिनेटात सलग २४ तास १८ मिनिटं बोलले. २००३ मध्ये शंभरी पार करून वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस ७८ वर्षांच्या एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स या निवृत्त शिक्षिकेनं जाहीर केलं, की मी त्यांची मुलगी. आई कॅरी बटलर थर्मंडांच्या घरी कामाला होती, तेव्हा वय सोळा, ते बावीसचे. तिथल्या विधानभवनाच्या आवारात थर्मंडांचा पुतळा आहे. त्याच्या दगडावर मुलं चार असं कोरलेलं होतं. २००४ मध्ये चाराचे पाच केले आणि खाली तिचं नाव घातलं. दगडावर खाडाखोड कशी दिसते ते बघायचं असेल तर ती जागा उत्तम.

आता त्या बाईंची गोष्ट. नाव सांगत नाही. गावात सगळे त्यांना 'मिस' अमुक म्हणायचे, कारण तिकडं म्हातारीला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. ऐंशीच्या, गोऱ्या, ताठ. घराणं मोठं, जमीन अजून बरीच. एका पावसाळी दुपारी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं घरचं बायबल घेऊन आल्या. मैत्रीण त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडं गेली होती, खोलीत मी एकटीच. त्यांनी इकडंतिकडं बघून विचारलं, "ती नाही ना?" आणि बसल्या.

तिकडं घरातले जन्म, लग्नं, मृत्यू बायबलातल्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवायची चाल होती. या बायबलात तशी चार पानं होती, आणि पाचवं सहाव्याला चिकटलेलं. त्यांच्या आजीनं पिठाची खळ लावून चिकटवलं होतं. लहानपणी यांनी नख लावलं तर आईनं हातावर मारलं होतं. त्यानंतर कुणी हात लावला नाही. पण कसर काही घराण्याची इभ्रत बघत नाही. सत्तर वर्षांत तिनं खळ खाऊन टाकली आणि पान आपसूक सुटलं.

आत एकोणतीस नावं होती. नुसती नावं, आडनाव नाही. जन्मतारीख, आईचं नाव. काहींपुढं आकडा, तो डॉलरांचा.

"तू आमच्यातली नाहीस," बाई म्हणाल्या, "आणि त्यांच्यातलीही नाहीस. म्हणून तुला दाखवते."

मी १८६० ची यादी काढली. त्यांच्या खापरपणजोबांच्या नावाखाली एक ओळ होती: वय ११, स्त्री, एम. बायबलात मार्च १८४९ ची एक मुलगी. बाईंनी दोन्हीकडं बराच वेळ पाहिलं. मग एक आडनाव घेतलं. ते त्यांच्या माहेरचं, आणि माझ्या मैत्रिणीच्या आजोळचंही. गावात त्या आडनावाची दोन चर्चं, दोन स्मशानं. "ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच ठाऊक होतं. बोलायचं नव्हतं एवढंच." आणि लगेच, मी काहीच म्हटलं नव्हतं तरी, "माझी आजी वाईट बाई नव्हती हं."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर ते इथं आहे. त्या खुर्चीवर बसून गेलेल्या गोऱ्या माणसांपैकी बहुतेकांनी मला हेच वाक्य ऐकवलंय. कुणी आजीबद्दल, कुणी आजोबांबद्दल. गुलामगिरी चांगली होती असं म्हणणारं कुणी भेटलं नाही. लाज वाटत नाही असंही नाही. पण लाजेच्या आड माया येते. जिनं बिस्किटं करून वाढली, तापात उशाशी बसली, तिच्याच हातांनी खळ लावली, हे दोन्ही एकाच बाईचे हात आहेत हे पचत नाही. मग माणूस खापरपणजोबाला दोषी मानायला एका पायावर तयार असतो, त्याला कुणी पाहिलेलं नसतं. आजीपाशी येऊन मात्र गाडी अडते.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सांगितलं. वाटलं होतं, हादरेल. ती शांतपणे म्हणाली, "बेबी, आमच्याकडं ते गुपित कधीच नव्हतं. माझी आई जेवताना सांगायची." गुपित होतं ते फक्त एका बाजूच्या घरात. तिला कमी होती ती वेगळ्याच गोष्टीची. कृष्णवर्णीय घराण्यांचा शोध १८७० पाशी येऊन भिंतीला धडकतो, कारण मुक्त झालेली सगळी माणसं नावानिशी पहिल्यांदा त्याच जनगणनेत लिहिली गेली. त्यामागं नुसती वयं आणि अक्षरं. तिची पणजी १८७० मध्ये एकवीस वर्षांची होती एवढं तिला माहीत होतं. पणजीची आई कोण, हे चाळीस वर्षं शोधून सापडलं नव्हतं. ते त्या पानावर होतं.

मी म्हटलं, "बाई फार अस्वस्थ होत्या, बहुतेक माफी मागायला येतील." ती म्हणाली, "रडायचं असेल तर तिनं घरी रडावं. मला पान पाहिजे."

बाई आल्या, तीन आठवड्यांनी. पाउंड केक घेऊन. तिकडं माणूस गेलं तरी केक, बाळ झालं तरी केक. माफीबिफी काही मागितली नाही. पानाची झेरॉक्स टेबलावर ठेवली, आणि रानातल्या एका जागेची खूण सांगितली: देवदारासारखी दोन झाडं, खाली सदाफुलीच्या नात्यातली एक वेल पसरलेली, उभे केलेले ओबडधोबड दगड. गुलामांची थडगी तिकडं अशीच ओळखतात. मैत्रिणीनं झेरॉक्स घेतली, केकही घेतला. "लोणी कमी पडलंय," ती नंतर मला म्हणाली.

झाडाला टांगण्याबद्दल मात्र अजून कुणी पान घेऊन आलेलं नाही. २०१८ मध्ये माँटगोमेरीत लिंचिंगच्या, म्हणजे जमावानं खटल्याविना केलेल्या हत्यांच्या, बळींचं स्मारक झालं. त्या साली आम्ही दोघी गेलो होतो. ८०० हून जास्त गंजक्या पोलादाचे स्तंभ, एकेका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एकेक. आत शिरताना ते डोळ्यांसमोर असतात. पुढं जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकायला लागतात. १८७७ ते १९५० मधले ४,४०० हून अधिक बळी. बाहेर त्याच स्तंभांच्या जोडप्रती ओळीनं आडव्या ठेवल्यात, त्या-त्या काउंटीनं आपली मागून न्यावी म्हणून. आमच्या काउंटीची तिथंच पडून होती. गुलामगिरी संपून दीडशेच्या वर वर्षं झाली. हे टांगणं मात्र आजोबांच्या हातचं आहे, आणि आजोबांचा फोटो अजून दिवाणखान्यात आहे.

परतताना गाडीत मैत्रिणीनं विचारलं, "तुमच्याकडं आमच्याबद्दल काही माहीत असतं का?" मला फुशारकी मारायला तेवढंच पाहिजे होतं. म्हटलं, जोतीराव फुले म्हणून आमच्याकडं होऊन गेले. त्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं, ज्यांनी इथली गुलामगिरी मोडायला मदत केली.

"१८७३?" ती हसली. त्या साली १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानात कोलफॅक्सला गोऱ्या टोळीनं कितीतरी काळ्यांना मारलं, शरण आलेल्यांनासुद्धा. १९५० मध्ये सरकारनं तिथं फलक लावला, त्यावर 'दंगल' असं लिहिलं होतं. तो निघाला २०२१ मध्ये. हे सगळं तिनं सांगितलं नाही, नुसतं "कोलफॅक्सचं साल" म्हणाली. बाकीचं मी नंतर वाचलं. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अर्पण आम्हाला केलं ते ठीक. पण पुस्तक कुणाबद्दल होतं?"

मी सांगायला लागले. शूद्र, अतिशूद्र, गावगाडा. हायवेवर कापसाची शेतं मागं पडत होती. ती निवृत्त शिक्षिका, प्रश्न सोडत नाही. "आणि त्यात तुझे आजोबा कुठं होते?"

आमच्या घरात पाटीलकी होती. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यात एकदम तो शब्द ऐकू आला, जो लहानपणापासून मी हजारदा तोंडानं घेतलाय. हाडोळा. हाडकी-हाडोळा म्हणजे महारांची वतनाची जमीन. मेलेली ढोरं ओढायची, वेस राखायची, रात्री-अपरात्री सांगावे घेऊन पळायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं धावायचं, त्या बदल्यात गावानं दिलेला तुकडा. ती वतनं १९५८ च्या कायद्यानं संपली. मी दुसऱ्यांच्या यादीतलं एकेक अक्षर फोडून वाचत होते, आणि आमच्या रानाचं नाव रोज मोठ्यानं घेत होतो आम्ही. खळ लावायचीही कुणाला गरज वाटली नव्हती.

गेल्या महिन्यात काकांना फोन केला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "काका, हाडोळा आपल्याकडं कसा आला?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "दादांच्या वेळचं आहे ते. दुष्काळात धान्य दिलं होतं त्यांना. दादा काही कुणाचं लुबाडणारे नव्हते."

"किती धान्य?"

"आता ते कुठं लिहिलंय?"

"जुना फेरफार काढता येईल की, तहसीलला."

"यंदा हाडोळ्यातला आंबा मोप आलाय," काका म्हणाले. "तू कधी येतेस?"