आमची वाटचाल : सातबाऱ्यावर बोजा न चढवता

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या एका गाळ्यात, दोन जुन्या लेथवर आम्ही २००९ साली काम सुरू केले. डाळ मिलचे शाफ्ट, चटई कारखान्यांतील एक्स्ट्रूडरचे झिजलेले स्क्रू, ठिबकच्या जोडसाहित्याचे साचे, असे जे येईल ते जॉबवर्क आम्ही घेत होतो. काम पुरेसे होते. तारण मात्र नव्हते. गाळा दुसऱ्याचा आणि गावाकडची केळीची जमीन वडील व दोन काकांच्या सामाईक खात्यावर, त्यामुळे सातबाऱ्यावर बोजा चढवायचा म्हटले की घरात बोलणेच थांबत असे.

२०१६ मध्ये मुद्रा योजनेच्या ‘तरुण’ गटातून सात लाखांचे कर्ज घेऊन मिलिंग मशीन आणले. ते फारसा त्रास न होता मिळाले आणि फिटलेही.

खरी परीक्षा २०१८ ची. साच्यांचे काम टिकवायचे तर व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणावर चालणारे उभे मिलिंग मशीन, घेणे भाग होते आणि त्याचे कोटेशन अठ्ठावीस लाखांचे होते. पहिल्या बँकेने प्रोजेक्ट रिपोर्ट न उघडताच घराचे कागद मागितले. दुसऱ्या बँकेतील अधिकाऱ्यांनी मात्र सीजीटीएमएसई या पतहमी ट्रस्टचा मार्ग दाखविला. केंद्र सरकार आणि सिडबी (लघुउद्योगांसाठीची विकास बँक) यांनी २००० साली स्थापन केलेला हा ट्रस्ट लघुउद्योगांच्या विनातारण कर्जाची हमी बँकेला देतो. सात लाख आम्ही घातले, एकवीस लाख बँकेने दिले. मशीन बँकेकडे नजरगहाण, म्हणजे ताबा आमचा पण तारण बँकेचे, असे राहिले, जमीन मोकळी राहिली.

येथे एक गैरसमज आमचाही होता, म्हणून सविस्तर लिहितो. सरकारची हमी म्हणजे धंदा बुडाला तर कर्ज माफ, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ही हमी बँकेसाठी असते. आमच्या गटात ती थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत होती, आणि ट्रस्टकडे दावा करण्यापूर्वी बँकेला कर्जदारावर वसुलीची कारवाई सुरू करावीच लागते. उरलेला धोका बँकेचाच असल्यामुळे अधिकाऱ्यांनी आमच्या तीन वर्षांच्या ताळेबंदातील ओळ न् ओळ का तपासली, हे नंतर उमगले. हमीचे वार्षिक शुल्कही आमच्याच खात्यातून जात होते. हप्त्याचा हिशेब मांडताना ते आम्ही धरलेच नव्हते.

टाळेबंदीत दोन महिने मशीन बंद होते. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या आपत्कालीन पतहमी योजनेत २९ फेब्रुवारी २०२० रोजी येणे असलेल्या कर्जाच्या २० टक्के रक्कम जादा तारणाशिवाय मिळत होती आणि पहिले वर्ष मुद्दल भरायचे नव्हते. आमची बाकी, कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठीची उचल) धरून, साडेतेवीस लाख होती. त्यावर मिळालेल्या चार लाख सत्तर हजारांतून कारागिरांचे पगार आणि पोलादाची जुनी बिले भागली. लेथ चालवणारे आमचे चारही टर्नर टिकले, हे महत्त्वाचे, कारण साच्याचा हात बसायला वर्षे जातात.

व्हीएमसीचे कर्ज आता फिटले आहे. एप्रिल २०२५ पासून सीजीटीएमएसईच्या हमीची मर्यादा दहा कोटींवर गेली असली, तरी आमची गरज तेवढी नाही. दुसऱ्या मशीनपेक्षा सध्या खेळते भांडवल हवे आहे, कारण कायद्याने ४५ दिवसांत मिळायचे पैसे आमचे एक मोठे ग्राहक अजूनही चौथ्या महिन्यात देतात, आणि तोवरचे व्याज आम्हीच भरतो.