राजूरचं डांगी प्रदर्शन, मुंबईहून एका दिवसात

आम्हा मुलुंडकरांना गुरं म्हणजे आरेच्या तबेल्यातल्या म्हशी, नाहीतर देवळाबाहेर चाऱ्याच्या जुड्या विकणाऱ्या बाईची गाय. त्यामुळे अकोले तालुक्यात राजूरला डांगी या देशी जातीच्या गाईबैलांचं प्रदर्शन भरतं हे कळल्यावर मेव्हण्याला उठवलं आणि पहाटेची कसारा लोकल पकडली. कसाऱ्याहून घोटीपर्यंत शेअर जीप, पुढे भंडारदऱ्याच्या रस्त्याने एसटी. गाड्या कमी आहेत, आमचा तासभर घोटी स्टँडवरच गेला (मिसळ खाल्ली, ठीकठाक).

मैदानात शिरलो आणि बघतच राहिलो. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर लाल ठिपके, कुणीतरी ब्रश झटकल्यासारखे. एक मामा म्हणाले, नुसते फोटो काय काढता, हात लावून बघा. पाठीवरून हात फिरवला तर तळवा चक्क तेलकट! या जनावराच्या कातडीतूनच तेलकट स्राव येतो, त्यामुळे इगतपुरीकडच्या तीन हजार मिलिमीटरच्या पावसात पण ते भातखाचरात चिखलणीला (लावणीआधी चिखल करायला) उभं राहतं. खूर काळे आणि दगडासारखे टणक.

मेव्हण्याने विचारलंच, दूध किती देते? मामा हसले, दूध पायजे तर जर्शी घ्या की. एका वेताला सरासरी पाचशे किलोच्या आसपास देते, म्हणजे खरा पैसा बैलात, आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय. चिखलणीला पॉवर टिलर आला, बैलाचं काम गेलं, मग वळू कोण पोसणार, त्यापेक्षा गाईला जर्सीचं इंजेक्शन (कृत्रिम रेतन) सोपं. मला विचाराल तर प्रदर्शनातल्या बक्षिसापेक्षा चांगल्या गोऱ्ह्याला (तरुण नराला) गिऱ्हाईक मिळणं जास्त महत्त्वाचं.

जाणार असाल तर, प्रदर्शन साधारण डिसेंबरच्या आसपास असतं, पण तारीख बदलते, आधी खात्री करा. सकाळीच पोचा, तोंड उघडून दात बघतात आणि त्यावरून वयाचे आदत (अजून दुधाचेच दात), दोन दाती, चार दाती असे गट पाडतात ते बघण्यासारखं आहे, दुपारनंतर जनावरं टेम्पोत चढायला लागतात. रोख पैसे ठेवा, वळूच्या मागून जाऊ नका, फोटोआधी मालकाला विचारा. आणि परतीच्या एसटीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या, आम्ही विचारली नाही, मग टोमॅटोच्या पिकअपमध्ये मागे क्रेटवर बसून घोटी गाठली.