रांगेत उभं राहायला कुणी सांगितलं होतं?

आमच्या पोस्टखालची कमेंटची यादी सहा महिने गुण्यागोविंदाने चालली होती, जुनी वर, नवी खाली, एकदम शहाण्या मुलांसारखी. मग आम्ही कमेंट एडिट करायची सोय दिली आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार आली की एक स्पेलिंग दुरुस्त केलं तर कमेंट उडी मारून शेवटी गेली. मी म्हटलं असं होणारच नाही, आणि स्वतः करून बघितलं तर झालं की!

कोड उघडला तर त्यात ऑर्डर बाय, म्हणजे डेटाबेसला क्रम लावायला सांगणारा भाग, नावालाही नाही. सहा महिने जी रांग दिसत होती ती निव्वळ योगायोगाची. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, तो अपडेट करताना जुनी रो (टेबलातली ओळ) आहे तशी ठेवतो आणि तिची नवी आवृत्ती दुसरीकडे लिहितो, जागा मिळेल तिथे, म्हणून कधी शेवटी कधी मधेच. आता यात डेटाबेसला शिव्या घालायचीही सोय नाही, कारण असल्या टेबलवाल्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉडने 1970 सालीच मांडून ठेवलंय की रिलेशन (म्हणजे टेबल) हा संच, त्यात ओळींना क्रम नसतो. क्रम हवा तर मागा. आपण मागितलाच नव्हता.

बरं, मागितला. आमच्याकडे सिक्वेलाइज आहे, म्हणजे जावास्क्रिप्टमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, तर पोस्टच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) जिथे कमेंट इन्क्लूड केल्यात, म्हणजे सोबत मागवल्यात, तिथेच आत ऑर्डर लिहिला. काही फरक नाही, एरर पण नाही, म्हणजे ऐकलं न ऐकल्यासारखं करून गप्प (एरर देणारी लायब्ररी परवडली, ही गप्प बसणारी नको). मग बाहेर, मुख्य क्वेरीवर लिहिला, तर म्हणे या मॉडेलचं (टेबलाच्या कोडमधल्या रूपाचं) नातं टोपणनावाने जोडलंय, ते ॲज मध्ये सांगा. सांगितलं. क्रम लागला.

एवढ्यावर थांबले असते तर लवकर झोपले असते. पण म्हटलं हात घातलाच आहे तर ज्या पोस्टवर ताजी कमेंट आहे ती पोस्ट पण वर आणू. लिमिट, म्हणजे एका वेळी किती आणायच्या ती मर्यादा, दहा होती. लॉगिंग चालू करून सिक्वेलाइज डेटाबेसला पाठवतं ते खरं एसक्यूएल वाचलं तेव्हा कळलं की आतली सबक्वेरी (क्वेरीच्या पोटातली क्वेरी) आधीच कुठल्यातरी दहा पोस्ट उचलते आणि बाहेर फक्त त्या दहांचीच अदलाबदल होते. म्हणून सबक्वेरी फॉल्स केलं, म्हणजे ती बंद केली, तर स्क्रीनवर तीनच पोस्ट. दोनदा रिफ्रेश केलं, तीनच. मग बोटं मोजत बसले: पहिल्या पोस्टला सात कमेंट, दुसरीला दोन, तिसरीला एक, झाल्या दहा. जॉइन केल्यावर, म्हणजे दोन टेबलं जोडल्यावर, प्रत्येक कमेंटची एक ओळ होते आणि लिमिट त्या ओळी मोजतं, पोस्ट नाही. हिशोब त्याचा बरोबरच होता, वैताग माझा होता.

शेवटी पोस्टच्या टेबलातच शेवटच्या कमेंटची वेळ ठेवायचा कॉलम वाढवला आणि कमेंटसाठी सेपरेट ट्रू केलं, म्हणजे त्यांची क्वेरी वेगळी जाते आणि तिथे आतला ऑर्डर मुकाट्याने ऐकला जातो. हे फक्त हॅजमेनी नात्यालाच (एका पोस्टला अनेक कमेंट, तसं) चालतं, पण आमचं तेच होतं.

तरी जुन्या सिस्टिममधून एकगठ्ठा आणलेल्या कमेंट अजून आपापसात जागा बदलत होत्या, कारण सगळ्यांची वेळ एकच, अगदी मिलिसेकंदापर्यंत. ऑर्डरमध्ये वेळेच्या मागे आयडी (प्रत्येक कमेंटचा वेगळा क्रमांक) पण जोडला, पुन्हा त्यातलीच एक कमेंट एडिट केली. हलली नाही. अजून एकदा केली.