हातावरचं पोट, पाठीवरची पट्टी

सलून कसं उभं केलंस ते लिही, असं ओळखीच्या बऱ्याच जणी म्हणतात. जागा, परवाने, खुर्च्या, बेसिन, पाटी हे सगळं झालं, पण कसं झालं ते आता नीट आठवतही नाही, कारण त्यात फारसं कुठे अडलं नाही. अडलं ते चौथ्या वर्षी, धंद्याचा जम बसल्यावर. आणि अडलं कशावर? एका फॉर्ममधल्या एका रकान्यावर.

सुरुवात अंगठीखाली झाली. शॅम्पूचा फेस अंगठीखाली आणि बोटांच्या बेचक्यांत अडकून राहतो, तिथे आधी लाल चट्टा आला, मग खाज, मग भेगा. (अंगठ्या कामावर येण्याआधी घरीच काढून ठेवा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, तो भाग वेगळा.) कस्टमरने विचारलं की मी "हवा कोरडी आहे ना" म्हणायचे. रात्री खाजेने जाग यायची तेव्हा उठून हात गरम पाण्याखाली धरायचे. पाच मिनिटं स्वर्ग वाटायचा आणि सकाळी कातडी आणखी फाटलेली असायची. तरी दिवसाला बारा-तेरा डोकी करत होते, सुट्टी नाही, दुपारचं जेवण उभ्यानेच. मनातून त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

शेवटी कात्री धरताना अंगठ्यावरची भेग उकलली आणि कस्टमरच्या पांढऱ्या केपवर रक्ताचा थेंब पडला. त्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर दहा मिनिटांत मुद्द्यावर आल्या. आमच्या धंद्यात हाताचं दुखणं दोन वाटांनी येतं. एक, दिवसभर ओले हात, शॅम्पू, पुन्हा पुन्हा धुणं, यांनी कातडीवरचं तेल निघून जातं आणि ती सोलवटते. दुसरी वाट ॲलर्जीची, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर पाठ सोडत नाही. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्ही एकत्रही असू शकतात. वेगळं करायचं तर पॅच टेस्ट. ठरावीक प्रमाणात पातळ केलेले पदार्थ छोट्या पट्ट्यांतून पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, आणि पुन्हा ७२ ते ९६ तासांच्या सुमाराला बघतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उठतात. हेअर कलरमधल्या पॅराफेनिलीनडायमिनसारखे नेहमीचे संशयित त्यांच्याकडे तयार असतात. पण मी नेमकं काय वापरते तेही बघायला हवं, म्हणून फॉर्म दिला. तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. पाच आठवडे मी कुरकुर न करता थांबले.

फॉर्मवर रकाना होता, "कामात वापरत असलेल्या उत्पादनांचे घटक".

मी लिहिलं, कलर, ब्लीच, डेव्हलपर, शॅम्पू, कंडिशनर. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. "ही नावं झाली. घटक लिहा." बरोबरच होतं त्यांचं, आज कळतं. तेव्हा मात्र संताप आला, कारण कलर कुठल्या शेडचा किती मिसळायचा हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइड हे पाठ आहे, पण ट्यूबमध्ये आणखी काय काय आहे याचा मी चार वर्षांत कधी विचारच केला नव्हता.

माल देणाऱ्याला फोन केला. तो हसला. "ते कंपनीचं सिक्रेट असतं मॅडम." मी म्हटलं, मला कलर बनवायचा नाही, माझे हात का फाटतात ते बघायचंय. म्हणाला, बघतो. आठवडा गेला. पुन्हा फोन, "साहेब रजेवर आहेत." मग कंपनीच्या कस्टमर केअरला लागले. त्यांनी तक्रार क्रमांक दिला, मग दुसऱ्याने दुसरा क्रमांक दिला, आणि शेवटी आलं काय, तर चकचकीत माहितीपत्रक. त्यात केसांचं पोषण होतं, शाइन होती, हसणारी मुलगी होती. घटक नव्हते.

एका मैत्रिणीने सांगितलं, सेफ्टी डेटा शीट माग, शब्द हाच वापर. तो वापरल्यावर फोनवरचा सूर बदलला हे खरं. ह्या शीटला सोळा विभाग असतात, तिसऱ्यात घटक, आठव्यात हातमोजे कुठले वापरायचे वगैरे. पण जी शीट आली ती कंडिशनरची होती. मी मागितली होती कलरची आणि ब्लीचची. पुन्हा मेल, पुन्हा क्रमांक. दोन कस्टमरच्या मध्ये, एका हातात ड्रायर आणि खांद्यात फोन दाबून "होल्ड"ची तीच धून ऐकत. त्या दिवसांत मान धरली ती वेगळीच.

टेस्टच्या दिवशी अर्धा फॉर्म घेऊन गेले आणि त्यांनी तारीख पुढे ढकलली. तीन आठवडे. ब्लीचसारखी वस्तू काय आहे ते न बघता थेट पाठीवर लावता येत नाही, नाहीतर पाठ भाजेल, असं कारण दिलं. कारण पटलं. तरी जिन्यात बसून रडले.

आणि मग काय झालं ऐका. सलूनमध्ये मदतीला असलेली मुलगी माल लावत होती. मी तिला ही सगळी कथा चिडून सांगत होते, तर ती म्हणाली, "ताई, हे काय मागे लिहिलंय?" कलरच्या खोक्यावर. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, पूर्ण यादी. चार वर्षं मी माल आला की ट्यूब मांडणीवर आणि खोकी चपटी करून रद्दीत, असं करत आले होते. ज्या कागदासाठी दीड महिना फोन केले तो मीच दर आठवड्याला फेकत होते. पण राग विक्रेत्यावरचा कमी झाला नाही. खोक्याची मागची बाजू वाच, एवढं सांगायला कुठलं सिक्रेट आडवं येत होतं?

तर, खोकी ठेवा. फोटो काढा. ब्लीचच्या डब्यावर अमोनियम परसल्फेट दिसेल. त्याची पूड हवेत उडाली की नुसते हातच नाही, दमाही होऊ शकतो. मिसळताना खोकला येत असेल तर तो "धुळीचा" म्हणून सोडू नका.

टेस्टचा आठवडा मी सलून बंद ठेवलं. पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, हात वर उचलले की पट्ट्या सुटतात. म्हणजे आमचं कुठलंच काम करायचं नाही. (आधी एक महत्त्वाचं राहिलं. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पाठीवर तसलं मलम चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा, प्रतिक्रिया दबून खोटा निकाल येऊ शकतो.) पहिले दोन दिवस मी दर तासाला फोन बघत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी झोपले. चार वर्षांत पहिल्यांदा. दोन जुन्या कस्टमर त्या आठवड्यात दुसरीकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत, हेही सांगते.

निकाल असा की पॅराफेनिलीनडायमिनची ॲलर्जी, शिवाय ओल्या कामाने सोललेली कातडी. धंदा सोडावा लागेल का, हा प्रश्न मी दारातूनच विचारला. डॉक्टर म्हणाल्या, आधी पद्धत बदलून बघू.

बदललं ते थोडक्यात असं. आधी कापते, कलर नंतर, कारण ताज्या रंगवलेल्या केसांत उरलेला रंग कापताना बोटांना लागतो. कलर मिसळण्यापासून धुऊन काढेपर्यंत नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर) हातमोजे, लांब मनगटाचे, प्रत्येक वेळी नवे. पूर्वी मी तेच मोजे उलटे करून वाळवून वापरायचे, म्हणजे रंग आतून लावून घ्यायचे. केस धुण्याचं काम आता दोघींत वाटलंय. तिचेही मोजे मीच आणते, तिच्या हातांवरही हे यायला नको. कस्टमरच्या वहीत दर तीन नावांनंतर एक रेघ मारते, त्या रेघेत बसून जेवते. सुरुवातीला त्या रेघेतही कुणाला तरी घुसवायचे. आता पेनाने मारते, पेन्सिलने नाही.

कात्री धरताना अंगठा आता दुखत नाही. थंडीत बेचक्यांत अजून लाली येते.

मागच्या महिन्यात तोच विक्रेता नवा कलर दाखवायला आला. मी ट्यूब बाजूला ठेवली, खोकं उलटं केलं आणि चष्मा लावला. तो म्हणाला, "मॅडम, आधी शेड तर बघा."