वेल्चजवळचा पाइप

आज वेल्च गावाजवळ रस्त्याकडेला, डोंगरातून आलेल्या पाइपखाली एक आजोबा कॅन भरत होते. मागे आणखी दोन गाड्या थांबलेल्या. रांगच.

"घरी नळ नाही का?"

"आहे की. पण ते पाणी प्यायचं नाही."

इतक्या सहज म्हणाले! मला पुढे बोलवेना.

ही वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी. इथल्या कोळशावर अमेरिकेतल्या पोलादाच्या भट्ट्या पेटल्या. १९५० मध्ये इथे जवळपास लाखभर माणसं होती. खाणीत यंत्रं आली, मग खाणीच बंद पडत गेल्या. २०२० च्या जनगणनेत उरली १९,१११.

आजोबांचा सगळा जन्म खाणीत गेलेला. अशा माणसाला साधं पिण्याचं पाणी कोणी द्यायचं?

निघताना त्यांनी एक भरलेला कॅन माझ्याच गाडीत ठेवला. "पुढे घाट आहे, लागेल."