मावशीला जरा कामाला लावा

काका गेल्यावर आम्ही मावशीला नुसतं जपत होतो. बँकेचे फॉर्म मी भरायचे, गोळ्यांचा डबा माझी बहीण लावून ठेवायची, फोन वाजला की "तू बस गं, आम्ही बघतो". दोन महिन्यांत बाई इतकी गप्प झाली की मलाच टेन्शन आलं.

मग एक दिवस तिची जुनी मैत्रीण आली. सांत्वन वगैरे काही नाही, पिशवीतून अर्धवट स्वेटर काढला आणि म्हणाली, बाहीचे टाके चुकलेत, मला मेलं दिसत नाही, तूच उसव. मावशी आधी नको नको म्हणाली, मग चष्मा शोधला, मग इतके घट्ट टाके कोण घालतं गं म्हणून तिलाच झापलं, आणि दोघी दोन तास उसवत बसल्या, एक धागा ओढतेय, दुसरी गुंडाळतेय. मी बघतच राहिले, दोन महिन्यांत तिने कुणाला झापलं नव्हतं!

तेव्हापासून या विषयावर बरंच वाचलं. मनाची उभारी मोजायची एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे, वॅगनिल्ड आणि यंग या दोन नर्सिंग संशोधकांची, 1993 ची, 25 विधानांची. तिची सुरुवात झाली ती मोठ्या धक्क्यातून सावरलेल्या 24 वयस्कर बायकांशी बोलून, आणि त्या बोलण्यातून जे निघालं त्यात चिकाटी होती, आपलं आपण करण्याची हिंमत होती, आणि काही वाट एकटीनेच चालायची असते हे पचवणंही होतं. आम्ही नेमकं तेच तिच्याकडून काढून घेत होतो की!

2003 मध्ये आलेल्या स्टेफनी ब्राउन यांच्या अभ्यासात 423 वयस्कर जोडप्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. जे दुसऱ्यांना मदत करत होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, नुसती मदत घेण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणून मदत करूच नका असं नाही हं, झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं तर सरळ डॉक्टरकडे न्या, तिथे स्वेटर पुरत नाही.

काल बँकेचा फॉर्म तिच्यापुढेच ठेवला. तारखेच्या रकान्यात सही केली, चिडली, म्हणाली दुसरा आण. आणला. माझा हात सारखा पेनाकडे जात होता, शेवटी मांडीखाली दाबून बसले.